डोर्सी पार्कची ऑर्गनवाली

मिली होव्हानेकने सत्तावीस वर्षं दोन ठिकाणी ऑर्गन वाजवला. रविवारी सकाळी सेंट सिरिलच्या चर्चमध्ये आणि उन्हाळाभर संध्याकाळी डोर्सी पार्कच्या बेसबॉल मैदानात. चर्चमध्ये लोक झोपू नयेत म्हणून वाजवायचं आणि मैदानातही त्याचसाठी, असं ती म्हणायची. कारण आमच्या हार्लो गावाचा संघ होता हेरन्स, म्हणजे बगळे, आणि ते खेळायचेही बगळ्यांसारखेच: एका जागी उभं राहून, समोरून काय जातंय ते शांतपणे बघत.

नोकऱ्या दोन आणि बोटं तीच, त्यामुळे कधीतरी घोटाळा होणारच होता. तो एकाहत्तरच्या ईस्टरला झाला. पाहुणे आलेले बिशप प्रवचनासाठी उठले आणि काठी टेकत पायऱ्या चढू लागले. मिलीने ते ऑर्गनवर लावलेल्या आरशातून पाहिलं. फलंदाज मैदानात उतरताना वाजवायची, आणि जी संपली की सगळं मैदान "चार्ज!" म्हणजे "चढा!" असं ओरडायचं, ती तुतारीसारखी छोटीशी धून तिच्या बोटांनी तिला न विचारता वाजवून टाकली. त्यावर चर्चमधल्या तीनशे स्लोवाक माणसांनी, आणि त्यांत निम्म्या तर म्हाताऱ्या, हात वर करून एका दमात आरोळी ठोकली, "चाऽर्ज!" बिशप हसले म्हणून नोकरी वाचली.

मिली अंगाने काटकुळी, उंचीला जेमतेम पाच फूट, चष्मा साखळीने गळ्यात. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "संध्याकाळी मोकळी कुठे असायचे मी?" मैदानात तिची बसायची जागा म्हणजे छपरावरची एक लाकडी खोली. लोखंडी शिडीने चढून जायचं. तिथून तिला सगळं मैदान, मागचं लेक एरी आणि तळ्यावरून येणारा पाऊस सगळ्यांच्या आधी दिसायचा.

त्र्याण्णव साली मालकांनी संघ विकला आणि बगळे दक्षिणेला उडाले. पुढच्या वर्षी डोर्सी पार्क पाडायला घेतलं. ते काम अकरा दिवस चाललं. मिली रोज घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन कुंपणाबाहेर बसायची. बाकीचे लोक यायचे, डोळे पुसायचे, जायचे. मिली कान देऊन बसायची. शेवटच्या दिवशी छप्पर कोसळलं तेव्हा तिने वही उघडून लिहिलं, "पांढरी चार. थोडी उतरलेली." कुठलाही आवाज ऐकला की तो ऑर्गनच्या कुठल्या पट्टीवरचा, हे तिला लगेच कळायचं. त्याला तिचा इलाज नव्हता.

त्या जागेवर मोठं किराणा दुकान आलं आणि पुढे गाड्या लावायचं आवार. मिली तिथेच सामान आणायला जायची. पिशव्या गाडीत टाकल्यावर थोडा वेळ मान वर करून उभी राहायची. एकदा एका बाईने विचारलं, "काय बघताय? पक्षी आहे का?"

"नाही हो. माझी खुर्ची तिथे होती," मिली आकाशाकडे बोट करून म्हणाली. बाई आपली सामानाची ढकलगाडी घेऊन जरा लगबगीनेच गेली.

अशी आठ वर्षं गेली. मग दोन हजार दोनच्या वसंतात तिची ऑर्विल पेटिग्रूशी बोलण्याइतकी ओळख झाली. बोलण्याइतकी म्हणायचं कारण, ते एकमेकांना तीस वर्षं बघतच होते. ऑर्विल पाट्या रंगवणारा. डोर्सी पार्कच्या लांबच्या भिंतीवरच्या सगळ्या जाहिराती त्याच्या हातच्या: टायर, गाद्या, सॉसेज. तो तिकडे शिडीवर आणि मिली इकडे छपरावर, मध्ये चारशे फूट गवत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोघं शेजारी बसले तेव्हा ऑर्विल म्हणाला, "जवळून तू आणखीच लहान दिसतेस की गं."

"आणि तू जवळून जास्त बोलतोस," मिली म्हणाली.

ऑर्विलने तिला आपल्या गॅरेजमध्ये बोलावलं. आत प्लायवूडचे चौदा मोठे फळे गोलाकार उभे केले होते. डोळे अधू होण्याआधी आपलं मैदान एकदा रंगवून ठेवायचं, म्हणून तो चार वर्षं खपत होता. मध्ये उभं राहून गोल फिरलं की सगळं डोर्सी पार्क डोळ्यांपुढून जायचं: दिव्यांचे खांब, बियरवाले, तिसऱ्या रांगेतला छत्री उघडून बसणारा माणूस, छपरावरची खोली आणि खिडकीत चष्म्याएवढी मिली. मिली एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. ऑर्विल कौतुकाची वाट बघत हात पुसत राहिला.

"खुर्च्यांचा रंग चुकलाय," मिली म्हणाली.

"काय?"

"हिरव्या होत्या. तू निळ्या केल्यास."

"मिली, मी रंगारी आहे. रंग मला विचारायचे असतात, सांगायचे नसतात. निळ्या होत्या."

"सत्तावीस वर्षं त्यांच्या डोक्यावर बसत होते मी!"

"डोक्यावर बसायची सवय तुझी जुनीच दिसते."

भांडण मिटवायला दोघं तडक ऑर्विलच्या बहिणीकडे गेले. मैदान पाडलं तेव्हा कितीतरी लोकांनी आठवण म्हणून एकेक खुर्ची घरी नेली होती. बहिणीच्या खुर्चीवर व्हरांड्यात फुलांची कुंडी ठेवलेली. ऑर्विलने कुंडी उचलून खाली ठेवली आणि खिशातल्या नाण्याने बैठकीची फळी खरवडली. वर निळा. निळ्याखाली हिरवा. हिरव्याखाली लाल, त्याखाली करडा, आणि मग लाकूड.

"बघ. मी चुकलो नाही," ऑर्विल म्हणाला.

"मी पण नाही," असं म्हणत मिलीने दाबून धरलेली बैठक सोडली. खाली जुनी लोखंडी स्प्रिंग होती. बैठक वर उसळून पाठीवर आपटली. खटाक्!

मिली जागच्या जागी थांबली. "परत."

"काय परत?"

"परत आपट."

ऑर्विलने आपटली. मिलीचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती हसायलाही लागली, त्यामुळे ऑर्विलला कळेना की खुर्ची धरावी की मिलीला. आठ वर्षं आपल्याला कशाची चुटपुट लागली होती ते तिला आत्ता उमगलं. ऑर्गन तर चर्चमध्येही होताच. चेंडू उंच गेला की चार हजार माणसं एकदम उठायची, आणि त्यांच्यामागे चार हजार बैठका रांगेरांगेने वर आपटत जायच्या, तो आवाज होता तो. त्या आवाजावर तिने सत्तावीस वर्षं आपला ऑर्गन चढवला होता, आणि तो आपल्या साथीला आहे हे तिला कधी जाणवलंच नव्हतं.

"ही पांढरी सहा आहे," ती म्हणाली. "मला बाकीच्या पण हव्यात."

बाराही सुरांच्या खुर्च्या जमवून त्या आवाजाची एक रचना बांधायची, अशी ती खुळ्यासारखी मोहीम सुरू झाली. ऑर्विलची व्हॅन, आणि खुर्चीवाल्यांना पटावं म्हणून मिलीच्या हातात सूर तपासायची शिट्टी. गावात कुणाकडे डोर्सी पार्कची खुर्ची आहे असं कळलं की तिथे जायचं, बैठक आपटायची, वहीत लिहायचं. एक न्हाव्याच्या दुकानात होती. एक दातांच्या डॉक्टरकडे, तिच्यावरून भरलेले दात घेऊन माणसं उठायची. एक कोंबड्यांच्या खुराड्यात होती. ती खणखणीत पांढरी एक निघाली, पण आपटली की कोंबड्या अंडी द्यायच्या बंद होतात अशी मालकिणीची तक्रार. प्रत्येक घरी खुर्चीची हकिकत दोन तास ऐकावी लागायची आणि हलुश्की नावाचे बटाट्याचे उकडलेले गोळे खावे लागायचे. ऑगस्टपर्यंत मिलीचे सगळे स्कर्ट तंग झाले आणि अकरा सूर जमले. ऑर्गनवरचा एकच उरला, काळी तीन.

चर्चच्या पत्रकात तिने दोन ओळी छापल्या. चार दिवसांनी फोन वाजला.

"ऑर्गनवाल्या बाई का?" एक जाडाभरडा आवाज. "तुमची काळी तीन माझ्याकडे आहे. बायकोची शिट्टी लावून बघितलं. बायको लुथरन चर्चच्या गायकांमध्ये होती."

"अरे वा! आपलं नाव?"

"व्हर्नन स्टॅकपोल."

वहीत नाव लिहिता लिहिता मिलीने पेन्सिल खाली ठेवली; हे नाव तिला चांगलंच माहीत होतं.

एकोणऐंशीच्या ऑगस्टमध्ये बगळे एकदा चक्क जिंकायच्या बेतात होते. शेवटचा डाव, बरोबरीत सामना. एडी लुकाच नावाचा गडी तिसऱ्या टप्प्यावरून सुटला आणि जिंकायची धाव पुरी करायला घसरत घरच्या टप्प्यावर आला. धूळ उडाली. पंच होता स्टॅकपोल. त्याने मूठ उगारली: बाद! चार हजार माणसं खवळली. तेव्हा छपरावरून मिलीने, अगदी सावकाश, मयताला वाजवतात ती धून वाजवली. लोक हसून लोळले. स्टॅकपोल वळला, मान वर केली, छपरावरच्या खोलीकडे बोट रोखलं आणि अंगठ्याने खूण केली: बाहेर. ऑर्गनवाल्या बाईला मैदानाबाहेर काढणारा पंच आमच्याकडे तोवर कुणी पाहिला नव्हता. मिलीने झाकण लावलं, पर्स घेतली आणि शिडीवरून उतरली, तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मिलीसाठी गोष्ट तिथे संपली. स्टॅकपोलसाठी मात्र नाही. तो गावातच राहणारा. पुढे कितीतरी वर्षं तो बँकेत गेला की मागून कुणीतरी ती धून गुणगुणायचं. न्हाव्याकडे गुणगुणायचं. त्याच्या सख्ख्या मेहुण्याच्या मयताला चर्चमध्ये ती धून खरोखरीच वाजली, तर मागच्या बाकावरचे दोघं त्याच्याकडे बघून फिसकन हसले.

मिली आणि ऑर्विल त्याच्या घरी गेले. स्टॅकपोल आता ऐंशीचा, उंच, ताठ. खुर्ची दाराशी ठेवली होती.

"आयरीनने आणली होती," तो म्हणाला. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. "मला म्हणाली, त्या मैदानात तू जन्मभर उभाच होतास. आता बस जरा."

मिलीने बैठक आपटली. शुद्ध, लख्ख काळी तीन. तिने मोठा श्वास घेतला. "मिस्टर स्टॅकपोल, त्या दिवसाबद्दल मी तुमची माफी मागते."

"माफी नको. खुर्ची देतो. फक्त मला एक समजलंय ते खरं का? या गृहस्थांनी तो प्रसंग चित्रात काढलाय?"

"सातव्या फळ्यावर," ऑर्विल अभिमानाने म्हणाला.

"आणि लुकाच त्यात बाद आहे की नाबाद?"

"नाबाद. होताच मुळी."

"मग खुर्ची मिळायची नाही. बाद करा, घेऊन जा."

व्हॅनमध्ये ऑर्विल स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला, "मेलो तरी बदलणार नाही! या ब्रशने मी सॉसेजच्या जाहिरातीतसुद्धा खोटं लिहिलं नाही."

"अरे, एक पाय मागे घे त्याचा. एवढासा."

"पाय मागे घेऊ? उद्या म्हणशील खुर्च्या हिरव्या कर!"

"खुर्च्या हिरव्या होत्याच," मिली म्हणाली.

आठवडाभर तिने ऑर्विलला कधी लाडीगोडी लावली, कधी टाकून बोलली. काळ्या तीनशिवाय सगळी रचना दात पडलेल्या तोंडासारखी वाटायची. शेवटी एका सकाळी ऑर्विलने फोन केला, "आण तुझ्या पंचाला."

स्टॅकपोल टाय लावून आला. सातव्या फळ्यासमोर उभा राहिला. लुकाच तिथे नव्हता. टप्पाही नव्हता. होती ती धूळ: पिवळी, तांबूस, करडी, अशी उसळलेली की बघणाऱ्याने खोकावं. त्यातून एक बूट, एक हातमोजा आणि वर उगारलेली एक मूठ तेवढी दिसत होती.

"मी त्याचा पाय हलवला नाही," ऑर्विल छाती काढून म्हणाला. "धूळ टाकली. धूळ होतीच त्या दिवशी."

स्टॅकपोल इतका वेळ बघत राहिला की मिलीने त्याला स्टूल आणून दिलं. तो बसला नाही. मग म्हणाला, "अगदी असंच होतं. मला काहीही दिसलं नव्हतं."

"म्हणजे?" ऑर्विल म्हणाला.

"म्हणजे धूळ दिसली. सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी म्हणायलाच हवं होतं ना! तेवीस वर्षं झाली, आयरीनलासुद्धा सांगितलं नाही."

मिलीने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी एक सांगू का?" ती म्हणाली. "मी पण बघितलं नव्हतं. मी लोणच्याची बाटली उघडत होते. झाकण निघेना. लोक ओरडले म्हणून मी वाजवलं."

स्टॅकपोल तिच्याकडे वळला. त्याच्या मिशा थरथरायला लागल्या, मग खांदे, आणि मग तो इतक्या जोरात हसला की ऑर्विलचा एक रंगाचा डबा लवंडला. "लोणचं!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तेवीस वर्षं, बाई! लोणच्यापायी!"

खुर्ची मिळाली. पण त्याने अट घातलीच: तिच्यावर तो स्वतः बसणार आणि तोच वाजवणार.

यावरूनच मिलीला सुचलं की सगळ्याच मालकांना वाजवायला बसवावं. बसायचं, तिने खूण केली की उठायचं, बैठक आपटेल. न्हावी, दातांचे डॉक्टर, कोंबड्यांची मालकीण, सगळे सेंट सिरिलच्या तळघरात तालमीला जमू लागले. "कमरेतून उठा, मनातून नको," मिली ओरडायची. स्टॅकपोल दर वेळी अर्धा ठोका उशिरा उठायचा. "मी आधी नीट बघतो, मग ठरवतो," तो म्हणायचा, आणि न्हावी खो-खो हसायचा.

जागा म्हणून मिलीला दुकानाचं आवारच हवं होतं. दुकानाची व्यवस्थापक रेनी कास्टानेडा टेक्ससहून वर्षापूर्वीच आलेली. "इथे मैदान होतं?" ती म्हणाली. "मला वाटलं शेत असेल. आणि तुम्ही नक्की काय करणार?"

"खुर्च्या आपटणार."

"का?"

"सुरात आपटणार," मिलीने समजावलं. रेनीने त्या पाच फुटी बाईकडे, तिच्यामागच्या रंगाने माखलेल्या माणसाकडे आणि टाय लावलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "किती वेळ?"

"अठरा मिनिटं."

"दोन रांगा गिऱ्हाइकांच्या गाड्यांना सोडा, मग काय हवं ते आपटा."

सप्टेंबरमधल्या शेवटच्या रविवारी दुपारी तीनेकशे माणसं जमली. चौदा फळे गोल उभे केले, आत बारा खुर्च्या, मध्ये मिलीचा विजेवरचा ऑर्गन. मिलीने हात उचलला आणि तेवढ्यात लेक एरीवरून वाऱ्याचा असा झपाटा आला की चौथा फळा लटपटला, पाचवा त्याच्यावर कलला. ऑर्विल किंचाळला. पण फळे पडायच्या आत प्रेक्षकांतली माणसं धावली. एकेका फळ्याला दोघं-दोघं बिलगले. वारा काही थांबेना, म्हणून ते तसेच उभे राहिले. शेवटपर्यंत अख्खं डोर्सी पार्क अठ्ठावीस माणसांनी हातांवर तोलून धरलं होतं, आणि ऑर्विल त्यांच्यामागून पळत दटावत होता, "अंगठा रंगावर नको! ए बाबा, आकाशाला धर, माणसांना धरू नकोस!"

मिलीने सुरुवात हळू केली. ऑर्गनचा एकच लांब सूर, त्यावर एक खटाक्, थोड्या वेळाने दुसरा, जसे सामन्याआधी लोक येतात, बसतात, जागा बदलतात. मग दोघं-तिघं मिळून. मधे बियरवाल्याची हाक ऑर्गनवर आली, ती ऐकून मागून कुणीतरी सवयीने "इकडे दोन!" ओरडला. आणि मग अठराव्या मिनिटाला मिलीने डावा हात वर फेकला. बारा माणसं एकामागोमाग एक उठली, बारा बैठका खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत धडाधड चढत गेल्या. काळी तीन त्या दिवशी वेळेवर आली. मिलीने सगळे सूर एकदम सोडून दिले.

शांतता. वाऱ्याचा तेवढा आवाज. तीनशे माणसांनी एकाच वेळी मान वर केली. कुणी सांगितलं नव्हतं. सगळे आभाळात तिथे बघत होते जिथे चेंडू असायला हवा. दाराशी उभी असलेली रेनीही बघत होती. तिने जन्मात एक सामना पाहिलेला नव्हता.

"कुठे गेला?" तिने घाबऱ्या आवाजात विचारलं.

जो हशा पिकला तो मिलीने वहीत लिहून ठेवलाय. कुठल्याही पट्टीत बसत नव्हता, असा शेरा आहे.

फळे नंतर दुकानातच लागले, गोठवलेल्या भाज्यांच्या वर, रेनीच्याच हट्टाने. ऑर्विल दर गुरुवारी त्यांच्यावरून रंगाचा हात फिरवायला जातो, कारण कोंबड्या भाजायच्या यंत्राची वाफ दहाव्या फळ्याला सोसत नाही. रचनेची कॅसेट चर्चने काढली. ती हातोहाती कुठे कुठे गेली. पुढच्या मार्चमध्ये इंडियानातल्या एका गावाहून पत्र आलं: आमचं मैदान जूनमध्ये पाडणार आहेत, त्याआधी येऊन ऐकून जाल का?

मे महिन्यात तिघं व्हॅन घेऊन गेले. ते मैदान डोर्सी पार्कपेक्षा लहान होतं, खुर्च्या पिवळ्या. ऑर्विल मैदानाच्या मध्यावर चित्रकलेची वही घेऊन बसला. मिली पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर बसली, उठली, कान दिला. दुसरीवर बसली, उठली. स्टॅकपोल मागोमाग वही घेऊन सूर लिहीत होता. तिथला पहारेकरी बराच वेळ बघत राहिला, मग जवळ आला.

"काही हरवलंय का, बाई?"

"नाही हो. चांगली जागा शोधतेय," मिली म्हणाली आणि पुढच्या खुर्चीवर सरकली.

संध्याकाळपर्यंत दोनशे बारा खुर्च्या झाल्या. तिचे गुडघे इतके धरले की ऑर्विलने तिला हाताला धरून व्हॅनमध्ये चढवलं. चेरीचा केक खाल्ल्यावर तिला जरा बरं वाटलं. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या राहिल्या होत्या, म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले.